हेल्मेटमधलं भरीत

माझा मुलगा पितांबर नव्वद साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतून सावद्याला परतला, तेव्हा हातपाय शाबूत होते. बोलणं तेवढं तिकडेच राहिलं होतं. मी बी.ए. झालेली बाई, पण तो केळीच्या बागेत निघाला की मनात नको ते येऊन घरातले विळे मोजायचे.

त्याचा जिवलग उखर्डू तिकडेच गेला. आधीची तीन मुलं दगावली म्हणून त्याच्या आईने, तानुबाईंनी, याला जन्मताच उकिरड्यावर लोळवलं होतं, यमाने ढुंकून पाहू नये म्हणून. यम फसला, पण चोवीसच वर्षं.

शिंदखेड्याकडून तानुबाईंचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ‘शेवटी काय जेवला?’ एवढंच.

पितांबर उत्तर लिहायला बसला. कार्डात मावेना. वही भरली, मग दुसरी. तिसऱ्या वहीपर्यंत तो रात्री झोपायला लागला आणि एकदा लिहिताना चक्क फिसकन हसला. ते बघताना मी वरण करपवलं.

वह्या मात्र पाठवेना. “मी जिवंत परत आलो, आई. त्यांच्यापुढे कसा उभा राहू?”

शेवटी मीच त्याला घेऊन एसटीत बसले. धुळ्यापर्यंत तो तीनदा म्हणाला, “परत फिरू.”

तानुबाई ओट्यावर बसल्या. “वाच.”

त्याने वाचलं. कुठूनशी वांगी मिळाली. कपाशीच्या काड्या नाहीत म्हणून उखर्डूने खोकं जाळून ती भाजली, हेल्मेटमध्ये ठेचली. तेवढ्यात साहेब आले. उखर्डूने भरीतासकट हेल्मेट डोक्यावर चढवून सलाम ठोकला. कानावरून लसूण ओघळला. मग साहेबही जेवायला बसले. उखर्डूने पाच पोळ्या खाल्ल्या.

“पाच?” तानुबाई लेकाच्या बाजूने उसळल्या. “मना आंडोर सात खाये! खोटं काब्र लिखस रे?”

“सातच होत्या, मावशी. अधाशी दिसेल म्हणून...”

“आन् मिरच्या?”

“अकरा.”

“अकरा! साहेबना जीव वाचना का?”

आणि त्या हसत सुटल्या. मग मी. पितांबरला तर हसून उचकी लागली.

त्याने पान उलटलं. कोरं होतं. दुसऱ्या दिवसाची सकाळ त्याला लिहिता आली नव्हती. उचकी थांबली.

तानुबाईंनी पदराने डोळे पुसले. “ते ऱ्हाऊ दे. आते मी सांगस, तू लिख. पाच वरीसना व्हता, तवय बकरीवर बशीसन शाळामा गया...”

शेवटची एसटी आमच्यासमोरून गेली. मी कासावीस, कुणालाच पर्वा नाही. पितांबर पेन काढून म्हणाला, “हळू सांगा, मावशी. बकरी कोणत्या रंगाची?”