कंपनीला लागतो

पगाराचा पहिला मेसेज मोबाईलवर आला तेव्हा तो मी दोनदा वाचला आणि बायकोला दाखवला. तिनंही दोनदा वाचला. त्याआधी मी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि तिथला पगार आला काय नि गेला काय, घरात कुणाला पत्ता लागत नसे. आता जालन्याच्या एका बियाणे कंपनीत त्याच्या चौपट मिळत होता. तिकडे गावी, तीर्थपुरीला, माझे वडील, आबा, बाजारात ओळखीच्या माणसाला थांबवून माझा पगार सांगायचे. ओळखीचा कुणी सापडला नाही तर अनोळखी माणूसही चालायचा. मी वरवर रागवायचो, पण खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

काम तसं वाईट नव्हतं. भोकरदन तालुक्यातल्या गावांमध्ये शेतकरी शेडनेटखाली कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करतात. त्या शेडनेटांवर फिरायचं, बायका फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं परागीकरण, नीट करतात का ते बघायचं आणि प्रत्येक ठिकाणी मोबाईलवर फोटो काढायचा. फोटोखाली गावाचं नाव, तारीख, वेळ आपोआप उमटायची. तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला की माणूस हजर. टाकला नाही तर दिवस बिनपगारी, मग तुम्ही दिवसभर उन्हात मरमर मेलेले असा नाहीतर झाडाखाली ताणून दिलेली असो.

आणि टाळ्या. हा नियम आमच्या साहेबांचा. ग्रुपवर कुणाचाही फोटो पडला की बाकीच्यांनी लगेच टाळ्यांचं चित्र टाकायचं. ज्याची टाळी पडली नाही त्याला सोमवारच्या मीटिंगमध्ये उभं करत, आणि तो उभा असेपर्यंत इतरांनी त्याच्याकडे बघून हसायचं. जो हसणार नाही त्यानंही उभं राहायचं. साहेब कधी आवाज चढवत नसत, हे मुद्दाम सांगतो. वाईट साहेब म्हणजे शिवीगाळ करणारा, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचे साहेब सगळं गोड बोलून करायचे आणि वर म्हणायचे, आपल्याकडे घरासारखं वातावरण आहे.

मी नोकरी सोडीन असं बायकोला महिन्याआड सांगायचो. ती पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायची. फ्लॅट, पोरीची शाळा, आबांचं गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला माझी सोमवारची पोटदुखी. एकदा ती म्हणाली, राहायचं तर राहा, सोडायचं तर सोडा, पण माझ्या डोक्याला सारखा ताप देऊ नका. तिचं म्हणणं बरोबर होतं.

माझ्या बरोबरीनं काम करणारा एक जण धावडा गावचा होता. पूर्वी त्याच्या घरी मेंढरं होती, आता थोडी शेती. त्यांच्या अख्ख्या भावकीत पगार घेणारा हा पहिला. मी शिक्षक होतो म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. एका सकाळी त्याचा फोन आला. वडील गेल्ते. मी गाडी काढली आणि धावड्याला पोचलो.

तिथं गेल्यावर कळलं की त्यानं साहेबांना फोन केलाय आणि रजा मिळालीय. पण साहेबांनी अगदी हळुवारपणे सांगितलं होतं की, हंगामाचे दिवस आहेत, लोक खोटी कारणं सांगतात, तेव्हा लोकेशन तेवढं पाठवून दे. हे त्यानं मला तिरडी बांधत असताना सांगितलं. मी साहेबांना मनातल्या मनात एक शिवी घातली आणि विषय तिथंच संपला असं समजलो.

स्मशानात त्यानं आपला मोबाईल माझ्याकडे दिला, कारण अंगावर ओलं धोतर होतं. त्यानं खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारल्या, अग्नी दिला, बोंब मारली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग तो सरळ माझ्याकडे आला आणि हात पुढे करून म्हणाला, "मास्तर, मोबाईल द्या जल्दी."

मला वाटलं, लांबच्या कुणा नातेवाइकाला कळवायचं राहिलं असेल. मी मोबाईल दिला. त्यानं तो चितेसमोर धरला आणि फोटो काढला. फोटोत नुसता धूर आला. मग तो वारा येत होता त्या बाजूला गेला, थोडा वाकला आणि परत काढला. गावाचं नाव आणि वेळ खाली नीट उमटलीय का ते त्यानं बोटांनी मोठं करून पाहिलं.

त्याच्या चुलत्यानं विचारलं, फोटो कशाला रे?

"कंपनीला लागतो," तो म्हणाला.

चुलत्यानं मान हलवली. शेजारच्या माणसानंही हलवली. एवढा पगार देणाऱ्या कंपनीला कागदपत्रं लागणारच, असाच भाव सगळ्यांच्या तोंडावर होता. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाईल थरथरला. मग परत, मग थांबेचना. त्याच्याही हातातला थरथरत होता. मी काढून पाहिला. जळत्या चितेचा फोटो, खाली धावडा आणि वेळ, आणि त्याच्याखाली टाळ्या. एकामागून एक टाळ्या. त्यातली निम्मी माणसं त्याच्या घरी जेवून गेलेली होती. ती दुष्ट नव्हती. त्यांनी फोटो पाहिलाच नसणार, नाव पाहून बोट दाबलं असणार. मला हे कळत होतं, तरी मी तिथल्या दगडावर बसलो. शेवटी साहेबांचा अंगठा आला.

तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. चेहऱ्यावरचा ताण गेला होता. "साहेबांनी ओके केलं, मास्तर," तो म्हणाला. त्याचा बाप मागं जळत होता आणि त्याला हायसं वाटलं होतं.

मी जालन्याला गेलोच नाही, थेट तीर्थपुरी गाठली. आबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी म्हणालो, नोकरी सोडतोय. ते भडकले. शाळेत शिकवत असताना मी बायकोच्या माहेरहून धान्य आणायचो, याची त्यांनी आठवण करून दिली. मग म्हणाले, "साहेब बोलतो तर बोलू दे. पगारात बोलणी धरलेलीच अस्तेत."

मग मी त्यांना धावड्याचं सांगितलं, फोटोपासून टाळ्यांपर्यंत. आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मेलेला माणूस किती वयाचा होता, पोरगा थोरला का, एवढंच त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग उद्या मी गेलो, तर माझा बी टाकशील का?"

'नाही' हा शब्द तोंडातून ताबडतोब निघायला हवा होता. पण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. हंगाम असेल का, रजा मिळेल का, मोबाईल कुणाकडे देऊन ठेवायचा. मी खरोखरच, आबा समोर जिवंत बसलेले असताना, ते जुळवायला लागलो होतो.

आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता आणि ते घाबरलेले दिसत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाई म्हण ना," ते म्हणाले.