काळू जीपवाला आणि झाकलेली गाडी

किन्हवलीचा काळू जीपवाला म्हणजे दुधाने तोंड पोळलेला माणूस. ताक तर सोडाच, तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. तसं पोळलंही चांगलंच होतं. लग्नानंतर वर्षभराने त्याने मुरबाडातून एक जुनी जीप घेतली, तिला हार घातला, गल्लीत पेढे वाटले, आणि सहाव्या महिन्यात कळलं की गाडी चोरीची. चेसीवरचा नंबर घासून त्यावर दुसरा ठोकलेला. पोलिसांनी काळूला चार दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. सुटला, पण तेव्हापासून गावात कोणी जुनी गाडी आणली की हा खिशातून पेन्सिल काढणार, चेसी नंबरवर कागद धरून घासणार आणि उमटलेले आकडे डोळ्यांजवळ नेऊन बघणार. लोक हसायचे. गाडी घ्यायची झाली की मात्र त्यालाच सोबत न्यायचे.

पुढची तीस वर्षं त्याने शहापूर ते मुरबाड दुसरी जीप चालवली. मुलगी संघरत्ना त्या जीपखालीच वाढली म्हटलं तरी चालेल. दहा वर्षांची असताना ती न बघता नेमका चौदाचा पाना बापाच्या हातात द्यायची. पुढे तिने ऑटोमोबाईल इंजिनिअरिंग घेतलं. वर्गात मुली दोनच. काळूला अभिमान वाटला, पण या गृहस्थाचा स्वतःच्या अभिमानावरही विश्वास नव्हता. पोरीला गाड्यांचं शिकवून नोकरी कोण देणार, हा त्याचा पहिला संशय. चाकणच्या बाजूला एका मोटार कंपनीत तिला नोकरी लागली, तेव्हा दुसरा सुरू झाला: इतक्या लगेच दिलीच कशी? नेमणुकीच्या पत्रावरच्या नंबरला त्याने तीनदा फोन लावून तिन्ही वेळा तेच विचारलं.

"काम काय करता गो तुमी तिथं?" ती पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा त्याने विचारलं.

"नव्या गाडीची चाचणी, आबा. दिवसभर फिरवायची, मी लॅपटॉपवर आकडे बघते."

"फिरवून जाता कुठं?"

"कुठं नाय. गोल रस्ता हाय, त्याच्यावरच."

दिवसभर गाडी चालते आणि पोचत कुठंच नाही, याला कोणी पगार देतो, हे काळूला काही केल्या पटेना. त्यात तिच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. आत फोटो काढायला बंदी असते, असं ती म्हणाली.

"नवी गाडी माणूस मिरवतो," काळू बायकोला म्हणाला. "लपवतो ती चोरीची."

"ती जीप कवाच गेली," शालन म्हणाली. "तुमच्या डोक्यातून उतरतच नाय."

फेब्रुवारीत संघरत्नाचा फोन आला. चाचणीची गाडी माळशेज उतरून मुरबाडवरून शहापूरला न्यायची होती, वाटेत ती आणि तिच्या मॅडम जेवायला घरी थांबणार होत्या. बारा वाजता गाडी दारात आली आणि काळू ओट्यावरून उठूनच उभा राहिला. बॉनेटपासून डिकीपर्यंत काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचा चिकट कागद. कंपनीचं नाव नाही, निशाणी नाही. पुढे तात्पुरत्या नंबरची लाल पाटी. संघरत्नाबरोबर तिच्या वरच्या स्नेहल मॅडम होत्या. त्या हात धुवायला मागे गेल्या तशी संघरत्ना बापाजवळ आली.

"आबा, ही अजून बाजारात यायचीय, कोणाला फोटो काढू देऊ नका. कागदाला हात लावू देऊ नका. पुढच्या महिन्यात मला कायम करणारेत. काय झालं तर ते गेलं."

"कंची गाडी हाय ही?"

"नाय सांगता येत."

"बापाला पण?"

"तुमाला पण नाय, आबा."

ती आत गेली. शालनने तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं आणि भात वाढला. काळू राखणीला बाहेर थांबला. खरोखर राखणच करत होता. दोन पोरं आली, त्यांना हाकललं. शेजारचा वाल्मिक मोबाईल काढत होता, त्यालाही दटावलं. मग गाडी आणि तो, दोघेच उरले.

त्याला ठाण्यातला बाक आठवला. तिथे चार दिवस आपण बसलो, ते एक ठीक. उद्या पोरीला तिथे बसावं लागलं तर? बिचारीला ठाऊकही नसेल आपण कसल्या गाडीत बसतोय ते. हे मनात आल्यावर त्याला राहवेना. नव्या गाड्यांचा नंबर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, हे त्याला माहीत होतं. बॉनेटवरचाच कागद तिथवर आणून चिकटवलेला. नखाने कोपरा उचलावा, बघावं, परत दाबावा, एवढंच करायचं होतं. कोपरा उचलला, आणि कागद टर्रकन बॉनेटवरून हातभर सोलत गेला.

खाली तांबडा रंग चमकला. काचेमागे नंबरही दिसला. सगळे आकडे सरळ, एका ओळीत, कुठे घासाघास नाही. गाडी चोख होती. काळूला एक क्षण इतकं हलकं वाटलं की हातात लोंबणारी पट्टी तो विसरूनच गेला.

मग आठवली. दाबली, चिकटेना. थुंकी लावली, तरी नाही. कोंबड्यांसाठी ओट्यावर ठेवलेल्या भातातली शितं त्याने बोटांनी चेचली आणि लहानपणी पतंगाला लावायचा तशी कागदाच्या पाठीला लावली. तेवढ्यात स्नेहल मॅडम दारात आल्या.

"हे कोणी केलं?"

मागून संघरत्ना आली. तिने लोंबता कागद बघितला, त्याच्या कडेची शितं बघितली आणि बापाची चिकट बोटं बघितली.

"मी केलं, मॅडम," ती म्हणाली. "आल्या आल्या काच पुसत होते. ओढलं गेलं हातून."

"लिहून द्यावं लागेल, संघरत्ना."

"देते."

काळूने तोंड उघडलं. "आबा, हात धुऊन घ्या," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि त्याने ते मिटलं. सोललेल्या जागेवर चिकटपट्ट्या मारून गाडी शहापूरकडे गेली. काळू तसाच बोटं पसरून उभा राहिला.

महिन्याने तिचा फोन आला. कायम केलं नव्हतं. निष्काळजीपणाचा शेरा बसला होता, अजून सहा महिने बघणार होते.

"मी येतो चाकणला," काळू म्हणाला. "मी सांगतो, माज्या हातून झालं."

"नको, आबा. आता खरं सांगितलंत तर खोटं लिहून दिलं म्हणून काढतील. मग उरलेले सहा महिने पण नाय."

काळूने नकळत बोटं सदऱ्याला पुसली.

"आणि आईला सांगू नका," ती म्हणाली. "ती मॅडमला फोन करून खरं सांगेल."

काळूने फोन ठेवला. शालन चुलीपाशी होती. "काय म्हणली? झाली का कायम?"

"अजून कागद यायचेत. बरी हाय म्हणते."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि ते त्याला धड जमतही नव्हतं.