वर मागितलेली डिस्क

डिस्कच्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं. एडिटिंगला चौघं बसतात. पूर्वी शूटिंग प्रत्येकाच्या वेगळ्या डिस्कवर असायचं, आणि हवी ती डिस्क नेमकी रजेवर गेलेल्याच्या पिशवीत असायची. म्हणून सगळ्यांना एकाच जागेवरून काम करता येईल असा डबा घेतला. त्यात सहा डिस्क बसतात. त्या मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारख्या चालतात, आणि एखादी बिघडली तरी काही हरवत नाही.

पाच डिस्क घेतल्या. भावावरून भांडण झालं ते नेहमीचंच. पैसे देताना मी म्हणालो, "वर काय देता?"

"मालक, ही काय भाजी हाय काय?"

"भाजीवाली दोन जुड्यांवर कोथिंबीर देते. मी पाच डिस्क घेतल्यात."

त्यानं खालच्या खणातून सहावी काढली. दिसायला तशीच, जागा निम्मी. फुकटची म्हणून मी जागेचा विषय काढला नाही. "ही त्या पाचांत मिसळू नका," असं त्यानं बजावलं होतं म्हणे. मला ऐकू आलं नाही. मी तेव्हा वायरीच्या पैशांवरून बोलत होतो.

सहाही डिस्क डब्यात घालून तयार केल्या. आमची एडिटर म्हणाली, "सर, जागा लई कमी दिसतीय."

"एका डिस्कएवढी जागा राखीव जाते. तेवढं मलाही कळतं."

मग सांगोल्याचं लग्न आलं. हळद आणि अक्षतांचं शूटिंग डब्यात उतरवलं, कॅमेऱ्याची कार्डं पुसून कॅमेरामनला दिली, तो टेंभुर्णीच्या लग्नाला गेला. रिसेप्शन उतरवताना डबा भरला. एडिटरनं कारण शोधलं. डबा सगळ्यात लहान डिस्कच्या मापानं चालतो. एक निम्मी घातल्यामुळे विकतच्या पाचांचीही निम्मीच जागा वापरात आली होती.

"काढ ती!" मी ओरडलो. मला ती दुकानदाराच्या काउंटरवर आपटायची होती. तिनं काढली. डबा पीं पीं करू लागला.

मी जाऊन डिस्क आपटली.

"मिसळू नका म्हटलं होतं की," तो म्हणाला. "त्या मोठ्या मापाची एकच राहिलीय." आणि आधीपेक्षा चढा भाव सांगितला.

मी खुर्ची ओढून बसलो. तेवढ्यात एडिटरचा फोन आला. "सर, आता आणखी एक डिस्क गेली तर सांगोल्याची हळद पण गेली आणि अक्षता पण. दुसरीकडं कॉपी नाही. निघालात ना?"

फोनमधलं सगळं दुकानदाराला ऐकू गेलं होतं.

"चहा सांगू का, मालक?" तो म्हणाला.

त्यानं सांगितला तो भाव मी दिला.

नवी डिस्क बसवली. डबा तिच्यावर सगळं पुन्हा जुळवेपर्यंत मी मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसलो आणि तिकडं फिरकणाऱ्या प्रत्येकावर खेकसलो. हळद वाचली, अक्षता वाचल्या, वाढलेल्या जागेत रिसेप्शनही मावलं. मुलीचे वडील व्हिडिओ बघून खूश झाले.

दुकानदारानं मात्र मी घासाघीस न करता डिस्क नेल्याचं सगळ्या बाजारात सांगितलं. परवा झेरॉक्सवाल्यानं मला भाव सांगितला आणि मी तोंड उघडायच्या आत पावती फाडली.