अर्चनाची हडळ मरत नाही

अर्चनाच्या नाकावर राग असतो, हे दुर्गदबैलच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. "जरा सैल हातानं माप" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही ती आपल्या कापडाच्या दुकानात सोडत नसे. पण त्या आठवड्यात तिचं भांडण लागलं ते एका भुतावरून, आणि तेही बेंगळूरच्या प्रकाशकाशी.

अर्चना टेबलावरच्या खेळासाठी भुतं रचायची. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि लढाई आली की फासे टाकायचे, असा तो खेळ. तिचा चकवा आणि तिचा मुंजा प्रकाशकानं हसत हसत घेतले. हडळीपाशी मात्र गाडं अडलं.

"ही मरते कशी, तेच लिहिलेलं नाही," तो फोनवर म्हणाला. "मारता आली पाहिजे. नाहीतर खेळाच्या पुस्तकात बसणार नाही."

"बाळंतपणात मेलेली बाई ती. आणखी किती मारायची तिला?" अर्चनानं विचारलं आणि फोन ठेवून दिला.

हडळीचा हा पुळका उगाच नव्हता. अळनावरजवळच्या त्यांच्या गावात अर्चनाची आजी अशीच बाळंतपणात गेली होती. तिला पोचवून परतताना लोकांनी वाटभर राळे, म्हणजे बारीक धान्याचे दाणे, टाकले. बाळाच्या ओढीनं ती मागं येणार, दाणा न् दाणा वेचत बसणार आणि उजाडेपर्यंत घर गाठणार नाही, असा त्यातला बेत. ते बाळ म्हणजे अर्चनाचे अप्पा, पुंडलिक. त्यांनी आईचा विषय घरात कधी काढू दिला नव्हता.

"तिचा खेळ करू नको," ते लेकीला एवढंच म्हणाले. लेकीनं ऐकून घेतलं आणि रविवारी दुकान बंद असताना माडीवर खेळ मांडलाच. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली स्नेहा आली, गोकुळ रोडवर लेथ चालवणारा मंजुनाथ आला. थोड्या वेळानं अप्पाही जिन्याच्या पायरीवर येऊन बसले.

खेळातल्या वाटेवर हडळ दिसताच मंजुनाथनं तलवार काढली आणि फासे टाकले. दान मोठं पडलं.

"लागली तलवार," अर्चना म्हणाली. "तिनं वर बघितलंसुदा न्हाई. राळे वेचालीय."

त्यानं परत टाकले. परत तेच. स्नेहानं आपले फासे बाजूला सारले.

"मी तलवार ठेवते खाली," ती म्हणाली. "तिच्या बाजूला बसते, दाणे वेचू लागते."

अर्चना याचीच वाट बघत होती. "दाणे सरले. उजाडायच्या आत तुम्ही तिला घेऊन घराशी आलाय. आत बाळ रडालंय. दाराला कडी हाय. आतनं इचारालेत, कोण हाय?"

मंजुनाथनं फाशांना हात घातला.

"फासे न्हाईत हितं," अर्चना म्हणाली. "उत्तर द्यायचं."

मागून अप्पांचा आवाज आला.

"सांगा त्यास्नी, बाळाची आई हाय म्हणून. दार उघडा म्हणावं."

अर्चनाला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. डोळे न पुसताच तिनं प्रकाशकाला लिहिलं, "हडळ मरत नाही, घरी पोचते. छापायची तर अशीच छापा. नाहीतर माझी सगळी भुतं परत द्या."