काळ्या ठिपक्याचा हेवा

माणूस दुसऱ्याच्या घराचा हेवा करतो, लेकरांचा करतो, दाट केसांचाही करतो. परंतु कुणाच्या गळ्यातल्या रोगाच्या ठिपक्याचा हेवा केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. चौकातल्या बेकरीच्या मालकिणीने तो केला, आणि जिवाची लाही लाही होईपर्यंत केला.

तिला सगळा रस्ता ‘पाववाल्या ताई’ म्हणत असे. वय चोपन्न, स्वभाव करारी. भट्टी नवरा सांभाळी, मळण्याचे काम मात्र ती कुणाच्या हाती देत नसे. थायरॉईडचा कर्करोग निघाल्यावर तिची ग्रंथी काढण्यात आली. मागे राहिलेल्या रोगाला मारण्यासाठी किरणोत्सर्गी आयोडीन द्यायचे ठरले. ते घेणाऱ्याला काही दिवस बंद खोलीत एकटे राहावे लागते. शेजारच्या खोलीत तशीच एक शिंपीण होती, वयाने दहा-बारा वर्षांनी लहान. दोघींची ओळख खोल्यांमधल्या फोनवर झाली.

“ताई, तुमच्या भिंतीवर उजेड पडतोय का बघा. मी आत दिव्यासारखी पेटलेय!”

“बरंय की. तुझ्या नवऱ्याचं विजेचं बिल वाचलं.”

असा त्यांचा स्नेह जुळला. शिंपीण दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती, हे नंतर कळले.

पुढे, आयोडीन अंगात कुठे साठले ते चित्रात टिपणारी तपासणी झाली. ताईंच्या चित्रात काहीही दिसले नाही, चित्र कोरे. त्या हरखल्या आणि त्यांनी गिऱ्हाइकांना फुकट बिस्किटे वाटली. शिंपिणीच्या चित्रात गळ्यापाशी काळा ठिपका आला, आणि तिने रडून डोळे सुजवले. महिन्याभराने डॉक्टरांनी ताईंना समोर बसवून उलगडा केला. रोगाची खूण सांगणारा रक्तातला आकडा वाढत होता, फुप्फुसांत गाठी होत्या. त्या गाठी आयोडीन पीतच नव्हत्या, म्हणून चित्रात उमटत नव्हत्या. तरी ताईंना देऊन पाहिलेला दुसरा डोसही वाया गेला. शिंपिणीचा ठिपका दिसला, कारण तो औषध पीत होता. आणखी एका डोसात तो जाईल, अशी आशा होती.

ताईंनी हे शिंपिणीला सांगितले नाही. विचारले की, “बघू पुढं,” एवढेच म्हणत. शिंपीण मात्र दर आठवड्याला येऊन आपली वाढती आशा गल्ल्यावर मांडी, आणि ताई मोजलेली नाणी पुन्हा मोजत. एकाच दिवशी, एकाच दारातून आत गेलो. मग हिलाच का?

शिंपिणीच्या दुसऱ्या डोसाची तारीख आली. त्याआधी दोन आठवडे आयोडीन घातलेले मीठ वर्ज्य असते. उपाशी राहिलेल्या पेशींनी औषध अधाशीपणे प्यावे, हा हेतू. गेल्या वेळी ताईंनी दोघींसाठी वेगळ्या परातीत, आयोडीन नसलेले मीठ घालून पाव केला होता. आताही शिंपीण हक्काने म्हणाली, “तुमचाच पाव हवा हं, ताई.”

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा भट्टीपाशी गुंतला असताना ताईंचा हात नेहमीच्या मिठाच्या डब्याकडे गेला. चूक झाली असे लिहिणे सोयीचे होते. पण चूक झाली नव्हती. त्यांनी डबा ओळखला, चमचा भरला आणि पिठात टाकला. ‘हिचंही चित्र कोरं निघू दे,’ हे शब्द मनात स्पष्ट उमटले, आणि क्षणभर त्यांना फार बरे वाटले. पाव भाजला, नवऱ्याने तो पोचवला.

तासाभराने ते बरे वाटणेच त्यांना खाऊ लागले. अंगावरचे पीठही न झटकता त्या निघाल्या. दोन गल्ल्या, पण फुप्फुसे साथ देईनात. दोनदा भिंतीला धरून उभे राहावे लागले. शिंपीण मशीनवर होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. बाजूच्या ताटलीत पाव, दोन काप खाल्लेले.

“तो खाऊ नकोस.”

“का? उंदीर पडला होता की काय पिठात?”

“नेहमीचं मीठ घातलंय. मुद्दाम.”

शिंपिणीने एकेक टाचणी ओठांतून काढून मशीनवरच्या छोट्या उशीत टोचली. “मुद्दाम म्हणजे?”

“तुझं औषध लागू पडू नये म्हणून. माझं पडत नाहीये. दोन्ही डोस फुकट गेले.”

“मला दोन पोरी आहेत, ताई.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक असून? निघा तुम्ही. आत्ताच्या आत्ता निघा!”

दार आपटले. शिंपिणीने इस्पितळात फोन लावला. अकरा दिवस हाती आहेत, दोन कापांनी बिघडणार नाही, पण पुढे सांभाळा, असे परिचारिकेने सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपीण स्वतः बेकरीत उगवली. पर्समध्ये मिठाची पुडी. स्टूल ओढून परातीसमोर बसली.

“मीठ मी घालणार. तुम्ही हात मागं घ्या.”

“बाजारात दुसरा पाव नाही का?”

“मीठ विचारलं तर मी वेडी असल्यासारखं बघतात. मळा मुकाट्यानं.”

ती रोज येऊ लागली. चार दिवस मिठाखेरीज अक्षर नाही. पाचव्या दिवशी तिनेच विचारले, “नक्की काय म्हणाले डॉक्टर?”

ताईंनी प्रथमच सगळे सांगितले. रोजची गोळी आहे. ती रोगाला थोपवील, कदाचित थोपवणारही नाही. बरा तर करणार नाहीच. शिवाय तळहाताची सालपटे निघतात. गोळ्या महिनाभर कपाटात पडून होत्या.

“मळणं सुटेल म्हणून घेत नाही होय?”

“मळलं नाही तर मी करू काय दिवसभर? तुझ्यासारखी ठिपके मोजत बसू?”

“जळा अजून! जळायलासुद्धा जिवंत राहावं लागतं, ताई. गोळी घ्या, मळायला माणूस ठेवा, आणि त्याच्यावर खेकसत बसा. तुम्हाला जमेल ते.”

भट्टीकडून नवऱ्याचे हसू ऐकू आले. ताईंनी त्याच्याकडे रागाने पाहिले. पण शिंपीण इस्पितळात दाखल झाली त्या सकाळी त्यांनी पहिली गोळी घेतली.

सहा महिने लोटले. रक्तातला आकडा जागचा हलला नव्हता, आणि डॉक्टर त्यालाच समाधानकारक म्हणत होते. तळहात सोलले होते. ताई सुती हातमोजे घालून, ठेवलेल्या माणसाचे मळणे नापसंतीने पाहत होत्या. शिंपिणीची डोसानंतरची शेवटची तपासणी त्या दिवशी होती. फोन वाजला.

“तिचाच असेल,” नवरा म्हणाला. “घेतेस?”

“तू घे. विचार, ठिपका गेला का.” त्या भट्टीकडे वळल्या. “आणि गेला असला तर मला लगेच सांगू नकोस. आधी हे पाव बाहेर निघू देत.”