हुंकाराविना गोष्ट

सोलापुरात गिरणीच्या पाळणाघरात मी मुलं सांभाळायची. एका मिशनरी बाईंनी आफ्रिकेतल्या गोष्टींचं रंगीत पुस्तक दिलं होतं. सगळं तळं एकट्यानं पिऊन टाकणारा हत्ती मी मुलांना दाखवायची. पण बघणार कोण? आया कामावर जाण्याआधी पोरांना अफूची बाळगोळी द्यायच्या, आणि पोरं दिवसभर पेंगायची. चार वर्षांचा एकच मुलगा टक्क जागा असायचा. सगळ्यांच्या वाटचा हुंकार तोच द्यायचा.

एकदा त्याची आई तणतणत आली. "बाई, त्या गोष्टी बंद करा की! गोष्टीपायी पोरगं गोळी थुंकतंय. जागं ऱ्हातंय आन् मला हुडकत गिरणीत, माझ्या खात्यात येतंय. मुकादम मला काढून टाकंल."

मी तिच्यावर खूप ओरडले. दुसऱ्या दिवशी दारातच, माझ्यादेखत, तिनं गोळी बोटानं त्याच्या घशात ढकलली आणि तोंड दाबून धरलं. तो माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होता.

गोष्ट मी तरीही सांगितली. "हूं" माझं मलाच म्हणावं लागलं.