डिकीतले पेरू

मागच्या महिन्यात संगमनेरच्या एका पंपावर डिझेल भरत होतो, तेव्हा एक पोरगं माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत आलं. बापाच्या वयाच्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणालं, "काका, विकायची का?"

"नाही."

"किती पळते?"

"पळत नाही. तेव्हाही पळत नव्हती."

ते खूश होऊन हसलं. "हिला पळवत नसतात काका, हिला मिरवतात."

त्याला काय सांगणार? ज्या गोष्टीसाठी आम्ही लोकांपुढे मान खाली घातली, तीच गोष्ट आता त्याला आवडते. हात दुखेस्तोवर फिरवायच्या काचा, एकाच बाजूला आरसा, डबा ठेवावा तसा चौकोनी आकार, आणि नांगरटीला जुंपलेल्या ट्रॅक्टरसारखा आवाज. आता या सगळ्याला साधेपणा म्हणतात. म्हणे, तेव्हाच्या गाड्या प्रामाणिक होत्या. गाडी प्रामाणिक होती, हे खरंच आहे. म्हणून तर हे लिहायला बसलो.

ही गाडी माझ्या वडिलांनी, दादांनी, सेकंडहँड घेतली. राहात्याजवळ आमची पेरूची बाग आहे. त्या काळी आमच्या भागात पैसा आला की लोक जीप घ्यायचे. दहा माणसं कोंबता येतात, खताच्या गोण्या टाकता येतात. दादांनी मात्र डिकीवाली गाडी घेतली. जीप ही कामाची गाडी आणि डिकीवाली ही घरच्या माणसांची गाडी, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे नारळ फोडला, तेव्हा चुलते म्हणाले, "दिसायला साहेबाची हाय, पर इंजिन चपराशाचं हाय." सगळे हसले. दादाही हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

चुलत्यांचं म्हणणं पहिल्याच उन्हाळ्यात खरं ठरलं. आईचं माहेर राजूरच्या पलीकडे डोंगरात. संगमनेरनंतर अकोले गाव सोडून राजूरकडे जाताना घाट लागतो. भरली गाडी तो घाट चढायची नाही. मग आमच्या घरात एक रीतच पडली. घाटाच्या पायथ्याला गाडी थांबायची, चालवणारा सोडून बाकी सगळे उतरायचे, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत वर जायची. वर बॉनेट उघडून, वाफ जाऊ देत, ती आमची वाट बघायची. मागून येणारे एसटीतले लोक खिडकीतून डोकी काढून विचारायचे, "ढकलायची का?"

आई अंगानं भरलेली होती. मी एकदा म्हणालो होतो, "आई उतरली की गाडीला एक गिअर जास्त येतो." हा विनोद घरात इतका चालला की पाहुण्यांसमोर सांगायला लावायचे. आई पण हसायची. पदर तोंडाला लावून हसायची, म्हणून चेहरा कधी नीट दिसला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आईची आई आजारी असल्याचा निरोप आदल्या संध्याकाळी आला होता. सकाळी शेजारच्या घरी पुन्हा फोन आला, मामाचा. "ताईला घेऊन लगेच निघा." आई हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली. दादांची बागेला कालव्याचं पाणी द्यायची पाळी होती, म्हणून मी निघायचं ठरलं. आईनं पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि गाडीपाशी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "पाच मिनिटं. डिझेल-पाणी बघून घेतो."

मी डिझेल-पाणी बघायला गेलो नव्हतो. मी बागेकडच्या शेडमध्ये गेलो होतो. तिथे पेरूच्या क्रेट भरून पडल्या होत्या. पेरू पिकलेले, अजून एक दिवस टिकले नसते, आणि राहात्याला भाव पडलेला. राजूरला त्या दिवशी बाजार होता. डोंगरातल्या बाजारात आमच्या पेरूला चांगलं गिऱ्हाईक असतं. आमच्याकडे कुठलीही गाडी रिकामी पाठवायची नसते. दवाखान्यात निघालेल्या गाडीतसुद्धा कोणीतरी दुधाचा कॅन ठेवून देतो. "जातोच आहे तर" हे आमच्या तोंडात इतकं बसलंय की ते आपण म्हणतोय हेही कळत नाही. मी स्वतःशी तेच म्हणालो. गडी मदतीला होता. डिकीत मावतील तेवढ्या क्रेट कोंबल्या, वरून पोतं टाकलं, डिकी दाबून बंद केली. मागचा भाग खाली बसला. गाडी ओट्यापुढे आणून उभी केली, तेव्हा आई पायरीवर बसून राहिली होती. पाच मिनिटं म्हणालो होतो, त्याला खूप वेळ होऊन गेला होता.

संगमनेर सुटल्यावर आई म्हणाली, "जरा दाब की." मी दाबत होतो. गाडी दबत नव्हती.

घाटात अर्ध्यावर इंजिन तापल्याचा काटा लाल खुणेला टेकला. मी गाडी कडेला घेतली. गाडीत दोनच माणसं होती. दोन माणसं घेऊन ती हा घाट याआधी चढलेली होती, धापा टाकत का होईना. हे मला माहीत होतं. खाली उतरून डिकी उघडायची, क्रेट झाडाखाली ठेवायच्या आणि निघायचं, एवढंच काम होतं. पण डिकी उघडली असती तर आईला कळलं असतं.

मी म्हणालो, "आई, उतरतेस का? भार कमी होईल."

ती उतरली. पायात साध्या चपला, गुडघे तेव्हाच दुखायला लागलेले. डोक्यावर पदर घेतला आणि घाट चढायला लागली. मी गाडी तिच्या बाजूनं पुढे काढली. आरशात ती दिसत होती. आरसा एकाच बाजूला होता आणि ती नेमकी त्याच बाजूनं चालत होती.

वर पोहोचलो, बॉनेट उघडलं, रेडिएटर निवायची वाट बघत बसलो. आई आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तरी इंजिन निवलेलं नव्हतं. तिनं बॉनेटकडे बघितलं आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. ती नुसती हाताची बोटं चोळत होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा मामा अंगणात उभा होता. म्हणाला, "आत्ताच गं, ताई. आत्ताच. दाराकडं बघत हुती." आई आत गेली. आतून आलेला आवाज मी आजवर कोणाला सांगितलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही.

त्या दिवशी एक गोष्ट ठरून गेली. कोणी ठरवली असं नाही. मामानं उशीर का झाला विचारलं, मी म्हणालो, "गाडी तापली." बस्स. त्यानंतर वर्षानुवर्षं सगळे तेच म्हणत आले. गाडीनं दगा दिला. दादा तर मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिले, की जीप घेतली असती तर लेकीला आईचं तोंड दिसलं असतं. मी तेव्हाही गप्प बसलो. त्यांच्यासमोर तोंड उघडायला मला भरपूर वर्षं मिळाली होती.

त्या खेपेहून घरी आल्यावर आई पुन्हा कधी त्या गाडीत बसली नाही. "मला उलटी होती तिच्यात," म्हणायची. सगळ्यांना पटलं. मलाही पटवून घ्यायला आवडलं.

मग गाडी कांद्याच्या चाळीमागे पडून राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं ती बाहेर काढली. तो पुण्यात नोकरी करतो, त्याच्याकडे मोठी गाडी आहे, डोंगर असो की सपाटी, तिला काही कळत नाही. तरी याला ही हवी होती. नगरला गॅरेजमध्ये ठेवून रंग दिला, सीटा शिवल्या, मूळचे दिवे कुठूनतरी शोधून आणले. आता तिचे व्हिडिओ टाकतो. लोक खाली बदाम टाकतात.

यंदा मामाच्या नातवाचा साखरपुडा निघाला. मुलाच्या डोक्यात एक कल्पना आली. आजीला याच गाडीतून माहेरी न्यायचं, घाटात थांबायचं आणि तिच्या तोंडून सगळी गोष्ट मोबाईलवर घ्यायची. कमी ताकदीची गाडी, चालत घाट चढलेली आजी. "लोक रडतील, पप्पा," तो मला म्हणाला.

आई ऐंशीच्या पुढे गेलेली. तिनं नाही म्हटलं नाही. "बघू," म्हणाली. माझी झोप उडाली. ती घाटात, माझ्या शेजारच्या सीटवर बसून, माझं खोटं खरं समजून जगाला सांगणार होती. आणि ते कायमचं राहणार होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी ओट्यावर तिघंच होतो. मुलानं सरावासाठी मोबाईल लावला.

"आजी, ही गाडी घाट चढायची नाही ना? ते सांग."

"चढायची की."

"अगं, नाही चढायची! तू चालत गेलीस ना त्या दिवशी?"

"गेले. पर गाडीची चूक नव्हती. गाडी चांगली हुती."

मुलगा वैतागला. "आजी, असं नको ना. सगळी मजाच जाते. मग तू का उतरलीस?"

"ते तुझ्या बापाला इचार."

त्यानं हसत मोबाईल माझ्याकडे वळवला. मी आईकडे बघितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, वर बघत नव्हती. मी सांगितलं. डिकी, क्रेट, पोतं, सगळं. बोलताना मला वाटलं होतं आवाज फुटेल, पण तो बाजारात भाव सांगावा तसा सरळ निघाला. मुलाचा हात हळूहळू खाली आला.

आई म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"पिकल्या पेरूचा वास डिकीत कोंडून राहतो व्हय रं? निघाल्यापास्नं मी तोच वास घेत हुते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू म्हनशील. घाटात म्हनशील. मग वाटलं, दहाव्याला म्हनशील." तिनं एक शेंग मोडली. "मग वाटायचं बंद झालं."

मुलगा काहीतरी बोलायला गेला, तिनं हातानंच थांबवलं. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदाच विचारलं, "एक मला कदी कळलं न्हाई. परत येताना वास न्हवता. त्या पेरूचं काय केलंस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. कुणाला वाटून टाकले, फेकून दिले. कोण तपासणार होतं आता?

"विकले."

"कवा?"

"मामानं राजूरला पाठवलं होतं ना. मयताचं कापड आणि बाकीचं सामान आणायला. तेव्हा."

शेंगांचा आवाज थांबला. आईनं मोडलेल्या शेंगा ताटात एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, "तुला यायला येळ झाला म्हनून भाऊ चिडला हुता. मी म्हनले, बाजाराची गर्दी असल, लेकराला बोलू नको."

एवढं बोलून तिनं गवारीचं ताट उचललं आणि आत गेली.

रात्री तिनं मला वाढलं. भाजीत मीठ बरोबर होतं. तिनं काही दुरावा धरला, असं म्हणता येणार नाही. पण सकाळी मी गाडी पुसून ओट्यापुढे लावली, तेव्हा ती इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि गाडीला वळसा घालून रस्त्याकडे निघाली.

"आई, कुठं?"

"एसटीनं जाते. हा येतोय माझ्यासंगं." मुलगा मान खाली घालून तिच्या मागून निघाला होता. त्याच्या हातात मोबाईल नव्हता, तिचा पाण्याचा तांब्या होता.

"मी स्टँडवर सोडतो तरी."

"नको. तू घरीच थांब." मग दोन पावलं गेल्यावर थांबली, वळली नाही. "भाऊ इचारंल, तू का न्हाई आलास म्हनून. काय सांगू?"

मी हातातल्या फडक्यानं पुसलेलंच बॉनेट पुन्हा पुसायला लागलो. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग निघाली.